वर्षभर वापरलेला फुकटचा हवामान डेटा: काय कामाचं निघालं, कुठे जपायला लागतं

आमच्याकडे दर जूनला एक वाद ठरलेला. आप्पा म्हणतात, "आम्ही मृगात पेरायचो, आता मृग कोरडाच जातोय." नाना म्हणजे माझे चुलते म्हणतात, "तसलं काय नाय, तवाबी असंच व्हायचं, माणसं इसरत्यात." दोघंही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले, दोघांनी उभा जन्म कोरडवाहू केली, बाजरी, मटकी, हुलगा, आणि दोघांकडे पुरावा म्हणजे आठवण. मी ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवते, हवामान बदलावर मुलांकडून टिपा लिहून घेते, तर म्हटलं एकदा हे आकड्यांत बघू तरी. ते बघता बघता वर्ष गेलं आणि पाऊस, तापमान, पाणी, जंगल अशा सगळ्याचा फुकट डेटा देणाऱ्या कितीतरी साइट्स पालथ्या घालून झाल्या. पैसे लागले नाहीत, वेळ मात्र बख्खळ लागला, म्हणून जे कळलं ते लिहून ठेवतेय. प्रोजेक्टवाली पोरं, गावात पाण्याचं काम करणारी मंडळी, शेतकरी गट, कोणाला तरी कामाला येईल.

पहिला नंबर अर्थातच आपल्या हवामान खात्याचा. पुण्यात शिवाजीनगरला ज्याला अजून सगळे सिमला ऑफिस म्हणतात (१९२८ साली ते सिमल्याहून इथे आलं म्हणून ते नाव), तिथल्या साइटवर अख्ख्या देशाचा रोजचा पाऊस १९०१ पासून ठेवलाय. परत वाचा, १९०१ पासून, रोजचा, फुकट. वर्ष निवडायचं, बटण दाबायचं, फाइल खाली येते. एका वर्षाची फाइल साधारण २५ एमबी, म्हणजे सगळी वर्षं मिळून तीन जीबीच्या आसपास, आजकाल तेवढं मोबाइलच्या डेटावरपण होतं. देशभरातल्या ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी घेऊन त्यांनी नकाशावर पाव अंशाचे चौकोन पाडलेत आणि प्रत्येक चौकोनाला रोजचा एक आकडा दिलाय. तापमानाचापण आहे, पण तो १९५१ पासून आणि चौकोन मोठे, एक अंशाचे.

आता अडचण इथेच सुरू होते, फाइल एक्सेलमध्ये उघडत नाही. माझे सुरुवातीचे दोन रविवार यातच गेले. मग अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने पायथॉनमधली आयएमडीलिब नावाची लायब्ररी शोधून काढली, तिला अक्षांश-रेखांश दिले की त्या जागेची यादी एक्सेलला चालेल अशी काढून देते. ज्यांना कोडिंग नको त्यांनी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर घ्या, तेही फुकट, त्यात दुसऱ्या फॉरमॅटची म्हणजे नेटसीडीएफची फाइल सरळ उघडते. आणि जिथे नोंद नाही तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं, ते आधी काढून टाका, नाहीतर सरासरी शून्याच्या खाली जाते आणि पोरं गोंधळून जातात.

तर आमच्या गावाचा चौकोन काढला, मृगाचे चौदा दिवस धरले, ८ जून ते २१ जून, आणि त्यात पावसाचे दिवस मोजले, हवामान खातं २.५ मिमी किंवा जास्त पडला तरच पावसाचा दिवस धरतं, तोच नियम लावला. प्रिंट काढली आणि ओट्यावर दोघांपुढे ठेवली. आप्पांनी चष्मा लावून बराच वेळ बघितली आणि विचारलं, "हे माप ठेवलंय कुठं? आपल्या शिवारात का दहिवडीत?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी कुठल्याही साइटवर गेले की पहिल्यांदा हाच प्रश्न विचारते, माप ठेवलंय कुठे. आणि माझ्या मते फुकटचा डेटा वापरणाऱ्या प्रत्येकाने हाच विचारायला हवा, कारण आकडे सगळीकडे आहेत, फक्त ते कशाचे आहेत हे कोणी पहिल्या पानावर लिहीत नाही.

म्हणजे बघा, पाव अंश म्हणजे आपल्याकडे साधारण २७ किलोमीटर. आता सातारा जिल्हा डोळ्यासमोर आणा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पाऊस, आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत आमच्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. महाबळेश्वरहून पसरणी घाट उतरून वाईला आलं की झाला तेवढा एक चौकोन, आणि तेवढ्यातच पाऊस कित्येक पटीने घसरलेला असतो. चौकोनाला आकडा एकच, मग तो महाबळेश्वरचाही नाही आणि वाईचाही नाही, मधलाच कुठलातरी. सपाट मुलखात, विदर्भात वगैरे, हा प्रश्न एवढा छळत नाही, पण घाटाच्या दोन्ही अंगाला राहणाऱ्यांनी हे कायम डोक्यात ठेवायचं. शिवाय ते साडेसहा-सात हजार पर्जन्यमापक काही रोजच्या रोज सगळे नोंद देत नव्हते, काही बंद पडले, काही नंतर आले, जिथे नोंद नाही तिथे आजूबाजूच्या मापकांवरून अंतराच्या हिशोबाने आकडा भरलाय. म्हणून एका चौकोनावरून "आमच्या गावचा पाऊस बदलला" असं छातीठोक सांगू नका, दहा-वीस चौकोन मिळून बघा.

अजून एक गोष्ट, ही कळली नाही तर सगळं चुकतं. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे आज सकाळी साडेआठला मापक बघतात आणि काल साडेआठपासून जे पडलं ते आजच्या तारखेला लिहितात. मुलांना हे समजावायला मी २००५ चा मुंबईचा पाऊस घेते. २६ जुलै सगळ्यांना पाठ आहे, सांताक्रूझला ९४४ मिमी. पण फाइलमध्ये २६ जुलै उघडली तर तो सापडत नाही, तो २७ तारखेला आहे, कारण माप २७ च्या सकाळी साडेआठला घेतलं. आणि २७ तारखेलाही चौकोनात ९४४ दिसेल असं समजू नका, कारण त्याच चोवीस तासांत कुलाब्याला शंभरच्याही आत पडला होता, एकाच शहरात, आणि चौकोनाचा आकडा आजूबाजूच्या सगळ्या मापकांवरून निघतो. मुलं हे बघून गप्प होतात, त्यांना पहिल्यांदाच जाणवतं की सरासरीत माणसं बुडालेला पाऊससुद्धा पातळ होऊन जातो.

एवढं सगळं बोलूनही माझ्याकडून याला दहापैकी नऊ. हीच फाइल घेऊन मोठमोठे अभ्यास झालेत. पुण्यातल्याच आयआयटीएमच्या, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, त्यात आपला महाराष्ट्रपण येतो, मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तो डेटा आणि माझ्या अकरावीच्या पोराने लॅपटॉपवर उघडलेला डेटा एकाच घरचा. मला याचं फार अप्रूप वाटतं, वर्गात सांगताना अजूनही आवाज चढतो माझा.

ज्यांना फाइली-बिइली नको, सरळ वाचायचंय, त्यांनी २०२० साली पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने काढलेला भारतीय प्रदेशातल्या हवामान बदलाचा अहवाल घ्या, आयआयटीएमच्या लोकांनीच केलाय, पूर्ण पुस्तक फुकट डाउनलोड होतं. १९०१ ते २०१८ मध्ये देशाचं सरासरी तापमान ०.७ अंशाच्या आसपास वाढलं, १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस साधारण ६ टक्क्यांनी घटला आणि घट जास्त कुठे तर गंगेच्या मैदानात आणि आपल्या पश्चिम घाटावर, हे सगळं त्यात नकाशांसकट आहे. इंग्रजीत आहे, हीच एक खंत. याचं मराठी झालं पाहिजे हो, निदान महाराष्ट्राच्या कामाच्या भागाचं तरी, डीएडच्या कॉलेजात, ग्रामपंचायतीत ठेवण्यासारखं आहे ते.

आता परदेशी साइट्स. युरोपवाल्यांच्या कोपर्निकसवर ईआरए५ नावाचा डेटा आहे, १९४० पासून, तोही तासातासाचा, पृथ्वीवर कुठलाही कोपरा घ्या. लॉगिन करावं लागतं, अटी मान्य कराव्या लागतात, मग मागणी टाकायची आणि रांगेत थांबायचं, मोठी मागणी असेल तर रात्रीची टाका आणि सकाळी बघा. यात माप कुठे ठेवलंय? तर ठेवलेलं नाही. हे मॉडेल आहे, उपग्रह, फुगे, जहाजं, जमिनीवरची केंद्रं यांच्या नोंदी मॉडेलला भरवतात आणि ते बाकीचं काढतं. तापमान, वारा, आर्द्रता यासाठी उत्तम, मी उन्हाळ्यातल्या रात्रीच्या तापमानासाठी हेच वापरते. पावसाला मात्र मी आपल्या हवामान खात्यालाच मानते, कारण तिथे निदान खरोखर कोणीतरी मापकात पाणी मोजलंय.

ईआरए५ वापरणार असाल तर सांगून ठेवते, तापमान केल्विनमध्ये येतं, २७३.१५ वजा करा. पाऊस मीटरमध्ये येतो, हजाराने गुणा. आणि वेळ ग्रीनिचची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे त्यांचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. हवामान खात्याशी ताळा घालायचा असेल तर त्यांच्या ३ वाजल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या ३ पर्यंतची बेरीज घ्या, ते बरोब्बर आपलं साडेआठ ते साडेआठ होतं. हे न करता दोन डेटा शेजारी ठेवले आणि जुळत नाहीत म्हणून दोन्ही टाकून दिले असं करणारे मी पाहिलेत, माणसं हुशार होती, फक्त घड्याळ बघितलं नव्हतं.

ज्यांना एवढंही नको त्यांच्यासाठी नासाचं पॉवर. नकाशावर बोट ठेवा, तारखा टाका, यादी एक्सेलची, लॉगिन नाही काही नाही, दोन मिनिटांचं काम. १९८१ पासूनचं आहे, चौकोन मोठे आहेत, पन्नास किलोमीटरच्या घरातले, म्हणून गावापुरता पाऊस यावरून काढू नये. पण ऊन किती पडतं याचे आकडे यात चांगले मिळतात, सौर पंप बसवणाऱ्यांनी जरूर बघावं. बारीक चौकोन पाहिजे असतील तर चर्प्स आहे, पाच किलोमीटरचे, उपग्रह आणि जमिनीवरचे मापक दोन्ही मिळून, हेही १९८१ पासून. आमच्यासारख्या पर्जन्यछायेच्या तालुक्याला मी हवामान खातं आणि चर्प्स दोन्ही शेजारी ठेवून बघते, दोन्हीत एकच गोष्ट दिसली तर विश्वास ठेवते.

आणि गावाच्या जवळात जवळ जाणारं म्हणजे राज्याच्या कृषी विभागाची महारेन. इथे महसूल मंडळापर्यंतचा रोजचा पाऊस मिळतो. शेतकऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको, कारण चोवीस तासांत मंडळात ६५ मिमीच्या वर पडला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्यापासून मदतीपर्यंत सगळं त्या आकड्याला बांधलेलं. इथे तर आप्पांचा प्रश्न सरळ पैशाचाच होतो, माप मंडळाच्या गावाला असतं आणि ढग फुटतो दोन ओढे पलीकडे. वर्षं फार मागची नाहीत, त्यामुळे मृगाच्या वादाला उपयोग नाही, पण चालू हंगामाला याच्यासारखं दुसरं काही नाही. रोज स्क्रीनशॉट काढून ठेवायची सवय लावा असं मी गावात सगळ्यांना सांगते, वाद झाला तर हाताशी असतो.

हवेच्या प्रदूषणाबद्दल थोडक्यात, कारण माणमध्ये तो माझा विषय नाही, पण बहीण पिंपरीला राहते आणि तिच्या मुलीला दमा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची साइट घ्या. तिथला निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर असतो आणि देशभराचं रोजचं पत्रक दुपारी ४ ची स्थिती धरून निघतं. मोबाइलमधली बरीच ॲप अमेरिकेचं मोजमाप लावतात, त्यामुळे त्याच हवेला तिथे मोठा आकडा दिसतो, खोटं कोणीच नसतं. बहिणीला मी सांगितलंय, निर्देशांक सोडून दे, पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा, तासाचा आकडा बघ आणि मग ठरव पोरीला खाली खेळायला पाठवायचं का नाही.

जंगलाचा डेटा मात्र नीट समजून घ्यावा लागतो, इथे चांगली चांगली माणसं भांडतात. एकीकडे भारतीय वन सर्वेक्षणाचा दर दोन वर्षांचा अहवाल, १९८७ पासून येतोय, त्यात बहुतेक वेळा वनाच्छादन थोडं वाढलेलं. दुसरीकडे उपग्रहाच्या चित्रांवरून जगभरातली झाडं मोजणारी ग्लोबल फॉरेस्ट वॉच ही साइट उघडा, तिथे २००१ पासून दरवर्षी झाडं गेल्याचे गुलाबी ठिपके. मग एक म्हणतो सरकार खोटं बोलतंय, दुसरा म्हणतो परदेशी लोक बदनामी करतायत. अहो व्याख्याच वेगळ्या आहेत! वन सर्वेक्षणाला एक हेक्टरपेक्षा मोठी जागा आणि १० टक्क्यांवर झाडांचं छत्र असलं की पुरे, जमीन कोणाचीही असो, झाड कुठलंही असो, म्हणजे आंब्याची बागही त्यात येते आणि काजूचीही. ग्लोबल फॉरेस्ट वॉचवर पाच मीटरच्या वर उंच झाडं, ३० मीटरच्या ठिपक्याने मोजलेली, आणि रबराची लागवड वय झालं म्हणून तोडली तरी ती हानीच दिसते. दोन्हीकडे, इथे देवराई होती का सागाची रोपं, हे कळत नाही. मला विचाराल तर हा यातला सगळ्यात मोठा दोष आहे, शेकडो वर्षांची देवराई गेली आणि तेवढ्याच जागेवर दुसरीकडे निलगिरी उभी राहिली तर वन सर्वेक्षणाच्या कागदावर फरक शून्य. आमच्या भागात तर उलटं दुखणं, इथली खरी संपत्ती म्हणजे माळरान, लांडगा, तणमोर, चंडोल सगळे गवतावर जगणारे, आणि जंगलाच्या नकाशावर माळरान म्हणजे नुसता रिकामा रंग. त्याच्यासाठी ईबर्ड बघा, पक्षी बघणाऱ्या साध्या माणसांनी भरलेल्या नोंदी आहेत, कोणता पक्षी कुठे कधी दिसला ते गावागणिक मिळतं, आणि नोंद करणाऱ्याने कुठे उभं राहून बघितलं हेपण त्यात असतं. म्हणजे आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे पहिल्या ओळीत.

परिवेश पोर्टलचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खाण, कारखाना, मोठा प्रकल्प येणार असेल तर पर्यावरण परवानगीची कागदपत्रं तिथे असतात. वाचायला किचकट आहे, पीडीएफ शेकडो पानांची, तरी तिथे जा. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीच्या निदान तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. म्हणजे मराठी सारांश मागणं हा आपला हक्क आहे, तो मिळाला नसेल तर लेखी मागा. आणि तो वाचताना पाऊस, वारा, विहिरींची पातळी हे आकडे कुठून घेतलेत ते बघा, इतके दिवस वर जे सांगितलं ते सगळं इथे कामाला येतं.

भूजलाचं अजून माझं पूर्ण झालेलं नाही. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी ठरलेल्या आहेत, वर्षातून ठरावीक महिन्यांत पातळी मोजतात, पावसाळ्यानंतरची आणि उन्हाळ्यातली यांची वजाबाकी केली की चित्र स्पष्ट होतं. पण विहिरीचा प्रश्न तोच, निरीक्षण विहीर कॅनॉलच्या काठावर असली तर तिच्यात दुष्काळ दिसतच नाही. विहिरीची जागा बघून, जमलं तर तिथपर्यंत जाऊन मगच आकडा घ्या. एका ठिकाणी जुन्या नोंदी मागितल्या, नाव घेत नाही, तर आधी ऑनलाइन अर्ज करा म्हणाले, ऑनलाइनला ओटीपी येईना, परत गेले तर साहेब रजेवर, असं चार महिने. शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला तेव्हा झेरॉक्स मिळाल्या, त्यातली निम्मी पानं पुसट. ज्या नोंदी लोकांच्या पैशातून लोकांच्या विहिरींवर घेतल्या त्या लोकांना मागाव्या लागू नयेत, हे मला अगदी मनापासून वाटतं.

हां, मृगाचं काय झालं ते राहिलंच. आमच्या आसपासचे बारा चौकोन घेतले, सव्वाशे वर्षांच्या जवळ, आणि चढउतार एवढा निघाला की एक सरळ रेघ मारून "हे बघा" असं म्हणता येत नाही. १९७२ उघडलं तेव्हा मात्र दोघंही गप्प झाले. त्या साली देशभराचाच मोसमी पाऊस सरासरीपेक्षा जवळपास चोवीस टक्के कमी होता, आणि आप्पांनी ओळीवरून बोट फिरवत दुष्काळी कामावर खडी फोडायला कुठल्या आठवड्यात गेले ते सांगितलं, नाना म्हणाले तेव्हा आई सुकडी आणायची.

मग आम्ही एक साधा पर्जन्यमापक आणला. परसात नाही, कडुलिंबापासून लांब, कारण झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडायचं असतं, नाहीतर आडोशाने पाऊस कमी मोजला जातो. यंदाच्या जूनपासून आप्पा सकाळी साडेआठला जाऊन बघतात आणि वहीत मांडतात, शून्य असलं तरी शून्य लिहितात. नाना अधूनमधून वही तपासतात. महिन्याला मी ते मंडळाच्या आकड्याशी लावून बघते.

कोणाकडे माण-खटाव भागातल्या जुन्या पावसाच्या नोंदी असतील, शाळेची वही, साखर कारखान्याचं रजिस्टर, तलाठ्याच्या दप्तरातली पानं, तर फोटो काढून टाका. माप कुठे ठेवलं होतं तेवढं सोबत लिहा.